लकवा झाला म्हणजे माणूस संपला काय?



आमच्या मेहरूणात कोणाला लकवा झाला की दोन दिवसांत तीन गोष्टी हमखास घडतात. पहिली, कोणीतरी सांगतो की कबुतर आणा, त्याचे गरम रक्त अंगाला चोळा. दुसरी, कोणीतरी अमुक गावच्या जाणत्याचे नाव घेतो. तेथे तीन फेऱ्या केल्या की लकवा उतरतो म्हणे. तिसरी, चार वडीलधारी माणसे ओट्यावर बसून हळू आवाजात बोलतात, "आता काही खरं नाही. जेवढं राहिलं तेवढं आपलं." पहिल्या दोन गोष्टींत पैसा आणि वेळ जातो. तिसऱ्या गोष्टीत रोग्याची उमेदच जाते, आणि तिच्याबरोबर घरच्यांचीही.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल आज लिहावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारे माणूस आहोत. परंतु गेली काही वर्षे हा विषय आमच्या घरात मुक्कामाला आहे. त्यामुळे आम्ही डॉक्टरांना विचारले, फिजिओथेरपीच्या ताईंना विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते आपल्यासमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

ऊन लागले नव्हते

२०२२ सालचा मे महिना. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एम.आय.डी.सी.तील एका चटई कारखान्यात मशीनवर होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले, अंघोळ केली आणि चहाचा कप हातातून निसटला. वहिनी म्हणाल्या, रात्रभर मशीनची आणि वरून उन्हाची धग, ऊन लागले असेल. जळगावचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. तसा संशय येणे साहजिकच होते. कांदा फोडून नाकाशी धरला. कैरीचे पन्हे पाजले. पन्हे ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळले, दादांना ठसका लागला. तरी कोणाच्या लक्षात आले नाही. "जरा पडा, बरं वाटेल," असे म्हणून त्यांना निजविले.

आम्हाला कचेरीत फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जाऊन पाहतो तो उजवा हात व उजवा पाय लुळा, तोंड वाकडे आणि बोलणे म्हणजे नुसते "अं... अं..." रुग्णालयात पोहोचेपर्यंत सहा तास उलटून गेले. डॉक्टरांनी डोक्याचा सी.टी. स्कॅन केला आणि एकच प्रश्न विचारला, "त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?" आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला पुढे कळला. तो वेळेवर कळला असता तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही, आमच्या घराची आहे, म्हणून उघडपणे लिहीत आहोत.

लकवा म्हणजे नेमके काय?

लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात ही सारी एकाच आजाराची नावे आहेत. त्यात वारे नाही, कोणाची नजर नाही की मागल्या जन्मीचे पाप नाही. मेंदूला रक्त पुरविणारी नळी गुठळीने बंद होते किंवा ती फुटून आत रक्तस्राव होतो. ज्या भागाचे रक्त तुटले तो भाग मरू लागतो. मोठी नळी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडला. मेंदूत एकूण सुमारे ८,६०० कोटी पेशी असल्या तरी तासाभराची नासाडी किती, हे ज्याचे त्याने गणित करून पाहावे.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो आणि उजवा भाग डावी बाजू. बहुतेकांचे बोलणेही डाव्या भागातच असते, फ्रान्सचे डॉ. पॉल ब्रोका यांनी १८६५ साली हे दाखवून दिले. दादांची उजवी बाजू आणि वाचा एकदमच का गेली, याचे उत्तर त्यात आहे.

गुठळीमुळे लकवा झाला असेल, तर ती विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येते. पण रक्तस्रावाचा लकवा असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणून आधी स्कॅन करावे लागते. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचा अर्थ हा होता. आम्ही साडेचार तासांची रेघ ओलांडून गेलो होतो.

हा श्रीमंतांचा आजार नव्हे

"ब्लडप्रेशर, लकवा हे मोठ्या लोकांचे आजार," असे अजूनही पुष्कळांना वाटते. तो गैरसमज आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तेथे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद घेतली. २०११ ते २०१३ या काळात तेथे १,५९९ माणसे मरण पावली. घरोघरी चौकशी करून कारणे शोधली, तेव्हा मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लकवा निघाले. २२९ माणसे, म्हणजे शंभरातील चौदा, लकव्याने गेली होती. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू घरीच झाला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शेतात आणि जंगलात राबणाऱ्या माणसांची ही कथा आहे.

मुंबईतही डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली एका वॉर्डातील दीड लाखाहून अधिक वस्तीची पाहणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष आले. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा लकवा होतो आणि त्यांतील शंभरापैकी तीस जण महिन्याच्या आत दगावतात, असे त्यात दिसले. म्हणजे उरलेले सत्तर घरी परत येतात. या सत्तरांचे पुढे काय, हा आजचा आपला प्रश्न आहे.

जुने मत कसे बदलले

मोठ्या माणसाचा मेंदू एकदा घडला की घडला, त्यात फेरबदल होत नाही, असे विज्ञान दीर्घकाळ मानत होते. १९०६ सालचे नोबेल मिळविणारे स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनीही मोठेपणी मेंदूतील मार्ग पक्के झालेले असतात असे लिहिले. मात्र हा कठोर निकाल बदलणे हे उद्याच्या विज्ञानाचे काम आहे, अशी आशाही त्यांनी तेथेच व्यक्त केली होती. मोठा माणूस आपले मतही खुले ठेवतो, ते असे.

१९५९ साली अमेरिकेत पेद्रो बाक-इ-रिता नावाच्या वयस्क प्राध्यापकांना लकवा झाला. त्यांना चालता येईना, बोलता येईना. डॉक्टरांनी आशा सोडली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा डॉक्टरकीचे शिक्षण घेत होता; लकव्याच्या रोग्याला कसे शिकवावे हे त्याला माहीत नव्हते. त्याने साधा विचार केला. लहान मूल आधी रांगते, मग चालते. तेव्हा वडिलांनाही आधी रांगायला शिकवू. प्राध्यापक महाशय घरात रांगू लागले. लुळ्या हाताने जमिनीवरच्या गोट्या उचलू लागले. भांडी घासताना हात गोल गोल फिरवू लागले. लोकांनी नावे ठेवली, की म्हाताऱ्याला जनावरासारखे का रांगवता! परंतु महिन्यांमागून महिने सराव चालला आणि प्राध्यापक पुन्हा वर्गात शिकवायला उभे राहिले. १९६५ साली डोंगर चढत असताना हृदयविकाराने ते गेले. त्यानंतर त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा सारे चकित झाले. लकव्याची मोठी इजा तशीच होती, ती भरून आलेली नव्हती. मेलेला भाग मेलेलाच होता. काम दुसऱ्या भागांनी उचलले होते. त्यांचा दुसरा मुलगा पॉल याने पुढे आयुष्यभर याच विषयाचे संशोधन केले.

जळगावकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. शिवाजीनगरचा जुना रेल्वे पूल पाडला तेव्हा पलीकडची माणसे घरात बसून राहिली काय? नाही. लांबच्या रस्त्यांनी वळसे घालून लोक कामावर गेले. पहिल्या दिवशी रस्ता सापडत नव्हता, महिन्याभराने सवय झाली. मेंदूचेही तसेच आहे. मुख्य रस्ता तुटला की आजूबाजूच्या गल्लीबोळांतून निरोप जाऊ लागतो. मात्र अट एकच, त्या वाटेवर रहदारी रोज हवी. वाट वापरली नाही तर ती बुजते.

ही नुसती उपमा नव्हे. रँडॉल्फ न्यूडो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९६ साली माकडांवर प्रयोग केला. मेंदूत हाताचे काम पाहणारा जो भाग असतो, त्याच्या छोट्या तुकड्याला इजा केली. ज्या माकडांना काही शिकविले नाही, त्यांच्या मेंदूतील हाताचा उरलेला चांगला भागसुद्धा आकसत गेला. ज्यांच्याकडून त्या हाताने छोट्या खळग्यांतील दाणे रोज उचलून घेतले, त्यांचा तो भाग टिकला. काहींत तर तो शेजारच्या जागेत पसरला. बंधूंनो, यातील पहिली ओळ पुन्हा वाचावी. काहीच न करणे म्हणजे आहे तेथेच थांबणे नव्हे, आहे तेही गमावणे होय.

मायेची चूक

दादा घरी आले तेव्हा आम्ही सर्वांनी त्यांची सेवा केली. वहिनींनी घास भरविला. पुतणीने केस विंचरले. शर्टाची बटणे आम्ही लावली. उजवा हात गळ्यात अडकविलेल्या पट्टीत ठेवला, म्हणजे त्याला त्रास नको. दादांना पाणी हवे असे नुसते वाटले तरी पेला पुढे येई. नातेवाईक म्हणत, "सेवा करावी तर अशी!"

अडीच महिन्यांनी फिजिओथेरपीच्या ताईंनी पाहिले आणि विचारले, "ह्यांची बोटं थोडी हलतात. मग हात वापरत का नाहीत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून ह्या हाताला सुट्टी दिली आहे."

याला विज्ञानात आधार आहे. एडवर्ड टाऊब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखविले, की दुखावलेला हात सुरुवातीला काम देत नाही म्हणून माणूस चांगल्या हाताने सारे उरकायला शिकतो. पुढे पहिल्या हातात ताकद परत आली तरी तो वापरायचा विसरतो. हात न वापरणे हीच त्याची सवय होते. त्यावर त्यांनी उपाय काढला. चांगला हात मोज्यात बंद करून ठेवावयाचा आणि दुखऱ्या हाताकडून तासन् तास कामे करून घ्यावयाची. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर याची मोठी पाहणी झाली. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या, हाताची थोडी तरी हालचाल उरलेल्या या रुग्णांना दोन आठवडे असे शिकविले. त्यांचा हात इतरांपेक्षा अधिक सुधारला आणि तो फायदा वर्षभराने टिकून होता.

आमच्या घरची शाळा

पण रोज तासन् तास दादांजवळ बसणार कोण? आमच्या भावकीची बैठक बसली. पुतणी तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेली होती. बैठकीत सूचना आली की तिने एक वर्ष घरी बसावे. आम्हाला लिहावयास लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे. ही सूचना आम्हीच केली होती. मुलींच्या शिक्षणावर भाषणे देणारे आम्ही!

वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरीले घरी बसवून ह्यांचा हात हालला, तर तो हात मले काय कामाचा? तिच्या फीसाठीच तर त्यांनी रात्रपाळ्या केल्या."

बैठक तेथेच संपली. दुसऱ्या दिवशी पुतणीने जुन्या कॅलेंडरच्या मागील बाजूस तक्ता आखला. सकाळी कचेरीपूर्वी एक तास आमचा. दुपारी वहिनी आणि शेजारच्या मावशी. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर पुतणी. रविवारी आमचा मुलगा. केलेल्या प्रत्येक सरावापुढे रेघ ओढावयाची. कामाचा बोजा एकाच बाईच्या पाठीवर पडू नये, हा तक्त्याचा खरा उपयोग.

साधने घरचीच. एका ताटात हरभरा आणि तूर मिसळून वेगवेगळी करणे. वाटी उपडी करणे, पुन्हा सरळ करणे. भिजविलेली कणीक दाबणे. दोरीवरचा चिमटा काढणे आणि लावणे. हिवाळ्यात मेहरूणची बोरे आली, तेव्हा एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत शंभर बोरे. पहिल्या दिवशी सात बोरांत दादा घामाघूम झाले आणि टोपली त्यांनी लाथेने उडविली. वहिनींनी बोरे गोळा केली आणि टोपली पुन्हा समोर ठेवली.

ताईंनी आणखी एक स्वस्त युक्ती सांगितली. टेबलावर आरसा उभा करावयाचा. दुखरा हात आरशामागे आणि चांगला हात आरशासमोर. चांगला हात हलविताना आरशात पाहिले की दुखराच हात हलतो आहे असे मेंदूला वाटते. मूळचे तामिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी ही युक्ती काढली. पुढे ती लकव्यासाठी वापरली गेली आणि तिचा काही प्रमाणात फायदा होतो असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. आम्ही बाजारातून साधा आरसा आणला. सुरुवातीला दादा त्यात पाहून रडत असत. रडण्याचेही कारण ताईंनी सांगितले. लकवा झालेल्या दर तिघांपैकी एकाला उदासीनतेचा आजार जडतो. तो हट्ट नव्हे, आळस नव्हे. त्यावरही औषध आहे. रोग्याला "प्रयत्नच करत नाही" म्हणून टोचून बोलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

खोटी आशा नको

आता नाण्याची दुसरी बाजू. रोज सराव केला की प्रत्येक जण पूर्ण बरा होतो, असे आम्ही सांगणार नाही. किती इजा झाली, कोठे झाली, यावर पुष्कळ अवलंबून असते. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. नंतर ती मंदावते, पण थांबतेच असे नाही.

"घरच्यांनाच थोडे शिकवून सोडले तर भागेल काय?" हा प्रश्न आपल्या देशातच तपासला गेला. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांची ही पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायामाचे प्रशिक्षण दिले, निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातील सत्तेचाळीस रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते. काहीच फरक पडला नाही. यावरून घरच्यांनी हात जोडून बसावे असा अर्थ काढू नये. घरची माया हवीच, पण ती जाणकाराची जागा घेऊ शकत नाही. सराव कोणता, किती आणि कधी वाढवावा, हे सांगणारा शिकलेला माणूस वारंवार भेटला पाहिजे. घाईही बरी नव्हे. पहिल्या चोवीस तासांत रोग्याला जबरदस्तीने जास्त चालविल्यास तोटा होतो, असे २०१५ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसले आहे.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ सालापासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे त्याहून जुने आहे. परंतु चटई कारखान्यातील कामगाराने रोज रिक्षाला पैसे घालून किती फेऱ्या माराव्या? वस्तीच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपीची सोय असावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. इंजेक्शन हा हक्क असेल, तर सराव हाही हक्कच आहे.

आणि सावधान! आशा दिसली की तिचे दुकानदारही येतात. "स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, मेंदू नवा होईल," असे सांगून लाखो रुपये मागणारे भेटतात. आपल्या देशात पाच केंद्रांतील १२० रुग्णांवर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशींचा प्रयोग झाला. त्याचा फायदा दिसला नाही, हे २०१४ साली जाहीर झाले आहे. कबुतराचे रक्त विकणारा आणि हा, दोघांत फरक फक्त पावतीचा.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१) तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी एक जरी झाले तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. उन्हाळ्यात ऊन लागले असे समजून वाट पाहू नका.

२) तोंडावाटे काही देऊ नका, ठसका लागून अन्नपाणी फुप्फुसात जाते. स्कॅन होण्यापूर्वी मनाने गोळीही देऊ नका.

३) रोगी अंथरुणात असताना दर दोन तासांनी कूस बदला. लुळा हात धरून त्याला उठवू नका, खांदा निखळतो.

४) जे त्याला स्वतः करता येते ते त्यालाच करू द्या, वेळ लागला तरी चालेल. तो बोलत असताना त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नका. चांगला हात बांधण्याचा उपाय मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा, आणि चालताना कधीही नको.

५) रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. तंबाखू, विडी, मिश्री आणि दारू सोडा, मीठ कमी करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यावा. दादांनी तो कधीच मोजला नव्हता.

६) कामगार ई.एस.आय.चा सभासद असेल तर कागद सांभाळा. अर्धांगवायू हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास वाढीव आजारपण लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास प्रमाणपत्र काढून घ्या, एस.टी.च्या सवलतीपासून अनेक ठिकाणी ते लागते. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, असे २०१६ चा कायदा सांगतो.

सही

आमचे वडील अंगठेबहाद्दर होते. पगाराच्या दिवशी ते शाई लागलेला अंगठा धोतराला पुसत घरी येत, हे आम्ही दोघा भावांनी पाहिले आहे. घरात पहिली सही दादांची. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, पण सही मात्र ते मोठ्या डौलाने करीत. शेवटी खाली एक लांब रेघ.

आजारपणात पैसे काढण्यासाठी आम्ही त्यांना बँकेत नेले. खिडकीतील बाबू भला माणूस होता. त्याने शाईचे पॅड पुढे सरकविले आणि म्हणाला, "काका, अंगठा लावा, चालतं." दादांनी पॅडकडे पाहिले. मग मान दुसरीकडे वळविली. तोंडातून शब्द आला नाही, पण डोळ्यांतून पाणी आले. त्या दिवशी अंगठा लावूनच पैसे काढावे लागले.

घरी आल्यावर पुतणीने तक्त्यात एक नवी ओळ लिहिली, "पप्पांची सही." आधी जाड मार्कर, त्याभोवती चिंधी गुंडाळलेली. मग पाटीवर उभ्या रेघा. मग आडव्या. मग पहिले अक्षर. रोज एक पान. कित्येक दिवस कोंबडीने पाय ओढावे तशा रेघोट्या.

लकव्यानंतर चौदाव्या महिन्यात दादा काठी टेकीत बँकेत गेले. सही करायला चार मिनिटे लागली. मागे रांग थांबली होती, कोणी काही बोलले नाही. बाबूने जुनी सही काढून पाहिली आणि म्हणाला, "काका, ही जुन्या सहीशी जुळत नाही." आम्ही काही बोलणार तोच त्याने खणातून कोरे कार्ड काढले. "ह्यावर नवीन नमुना द्या. आता हीच तुमची सही."

दादा कारखान्यात परत गेले नाहीत. मशीनवर उभे राहणे त्यांना जमणार नाही. उजवा पाय अजून ओढला जातो, काही शब्द अडतात. सकाळी ते एकटे मेहरूण तलावापर्यंत जाऊन येतात. शर्टाची बटणे स्वतः लावतात, एक शेवटचे सोडून. पुतणी पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही दादांनी केली. खाली लांब रेघसुद्धा ओढली.

आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असा कोणी खाटेवर पडून असेल, तर त्याला भेटायला जाताना केळी नेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पण जाल तेव्हा तासभर बसा, केळे सोलून देऊ नका, त्यालाच सोलू द्या.